कुठे उतरणार?

मुंबईत म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा राहिली नाही, असं मामांचं म्हणणं. मुंबई मुळात बसायचं गावच नव्हे, असं त्यांच्या भाचीचं. हा वाद यवतमाळात, दारव्हा रोडच्या मागच्या एका गल्लीत, मामांच्या ओट्यावर सकाळचं ऊन अंगावर घेत चालायचा. शेजारी म्हणून मला पंच नेमलं होतं. पण दोघंही पंचाला बोलू देत नसत, म्हणून जे ऐकलं ते लिहून काढतो आहे.

मामांना सगळी गल्ली मामाच म्हणते. पंचाहत्तरी ओलांडलेली. विशीत ते इथल्या एका अडत दुकानात कामाला होते. रुईचे नमुने कागदात गुंडाळून मुंबईच्या व्यापाऱ्यांना दाखवायला न्यायचे, हे त्यांचं काम. काळबादेवी आणि कॉटन ग्रीन एवढीच त्यांची मुंबई. १९७२ मध्ये राज्य सरकारनं एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली, शेतकऱ्याचा कापूस खासगी व्यापाऱ्यानं घ्यायचा नाही असं ठरलं, आणि मामा पणन महासंघाच्या संकलन केंद्रावर ग्रेडर झाले. मुंबई सुटली. नंतर गेले ते एखाद्या लग्नाला नाहीतर मोर्च्याबरोबर, उभ्याउभ्या. या हिवाळ्यात मात्र बदलापूरला भाचीकडे निवांत राहून आले. भाची परळच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. यवतमाळात वाढली, नर्सिंग झाल्यावर गेली ती तिकडचीच झाली. मामांना पोचवायला आली आणि तिची सुट्टी संपेपर्यंत भांडण पुरलं.

"जाण्यापासूनच सांगतो," मामा म्हणाले. "इथून धामणगाव एसटीनं. फुकट. पंचाहत्तरच्या वरच्याला पैसे नाही. कंडक्टरनं आधार कार्ड पाहिलं, शून्याचं तिकीट दिलं, वरून म्हणे, बाबा समोर बसा, मागं दणके लागतात. धामणगावला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये चढलो. तिथं पूर्ण पैसे. पुरुषांना चाळीस टक्के सवलत होती, बायांना पन्नास. मार्च २०२० मध्ये काढली ती काढलीच. धामणगावपर्यंत मी मानाचा म्हातारा आणि तिथून पुढं नुसता पॅसेंजर."

"तिकीट तुमच्या मुलानं काढलं होतं, मामा."

"त्याचे पैसे म्हणजे काय झाडाले लागते?"

एसटीची ही सवलत ऑगस्ट २०२२ पासूनची, आणि आमच्या जिल्ह्यात तिचं मोल जरा जास्त आहे, कारण रेल्वेचं आम्हाला फारसं सुख नाही. मूर्तिजापूरहून येणारी ११३ किलोमीटरची शकुंतला नॅरोगेजची, तीसुद्धा इंग्रजांनी काढलेल्या किलिक निक्सन कंपनीच्या मालकीची. ती बंद पडून रूळ गवतात गेले. वर्ध्याहून नांदेडला जाणारा नवा मार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत आला. तेव्हा मुंबईला निघालेला यवतमाळकर आधी धामणगाव गाठतो, तेही अमरावती जिल्ह्यात. घरची वेस ओलांडल्याशिवाय आम्हाला मुंबईची गाडी दिसत नाही.

मग लोकलचा विषय निघाला.

"लोकलमध्ये माणसं भारी प्रेमळ," मामा मला सांगू लागले. "दादरला चढलो बदलापूरच्या गाडीत. एका पोट्ट्यानं उठून जागा दिली. मग जो येते तो विचारून राहिला, बाबा, कुठे उतरणार? मी सांगितलं, बदलापूर, भाची राहते, मी यवतमाळचा, कापसात होतो... तं ऐकेचना! तोंड फिरवून पुढच्याला विचारायला लागला."

भाची हसून हसून लाल झाली. "अहो मामा, तो विचारपूस नव्हता करत, सीट बुक करत होता. तुम्ही ठाण्याला उतरणारे असता तर तिथेच उभा राहिला असता. बदलापूर म्हटल्यावर तुम्ही त्याच्या कामाचे उरला नाहीत."

"म्हणजे मी कोण, कुठला, याच्याशी त्याला घेणंदेणंच नव्हतं."

"नव्हतं. आणि मला मुंबईत तेच आवडतं. इथे एसटीत बसले की शेजारची बाई सुरू करते. कोणाची वो तू? कोणत्या गावची? लग्न झालं? नाही झालं? काहून नाही झालं? आर्णी येईपर्यंत माझी सगळी कुंडली तिच्या ओटीत. तिथे एकच प्रश्न असतो, कुठे उतरणार. उत्तर दिलं की विषय संपला."

"आणि गाडीत घेरी आली तर कोणाचं नाव सांगणार तू?"

"नाव सांगावं लागत नाही. माझ्या डब्यात तीनच्या सीटवर बायका चौथीला घेतात. ती अर्धी टेकते, अर्धी लोंबते, पण बसते. कुठली आहेस म्हणून कोणी विचारत नाही, चार बोटं सरकतात. मागच्या पावसाळ्यात कल्याणच्या अलीकडे गाडी अडकली, एका गरोदर बाईला उलट्या सुरू झाल्या. तिला आडवं करायला आठ-दहा जणी उभ्या राहिल्या. गाडी सुटल्यावर सगळ्या पुन्हा आपापल्या मोबाइलमध्ये. तिचं नाव आम्हाला आजही माहीत नाही."

"चार बोटं जागेत माझं बूड मावत नाही," मामा म्हणाले, आणि मुद्दा तात्पुरता तहकूब झाला.

मेट्रोबद्दल दोघांचं जवळपास जमलं, एवढंच आश्चर्य. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. आरेपासून साडेतेहतीस किलोमीटर, आणि वाटेत काळबादेवी असं चक्क स्टेशन. मामांना ते नाव पाटीवर वाचून भरून आलं. सरकत्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांनी चप्पल अशी जपून ठेवली की मागचे दोघं थांबले, असं भाची सांगते. पुढच्या वेळेपासून त्यांनी लिफ्टच धरली. गुडघ्यांच्या वतीनं त्यांनी मेट्रोला शंभर गुण दिले. डोळ्यांच्या वतीनं मात्र तक्रार कायम होती.

"मुंबई पाहायला गेलो आणि मुंबईच्या खालून गेलो! पूर्वी डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेशी बसलं की गिरगाव, काळबादेवी, सगळं गॅलऱ्यांसकट दिसे. पोरी दोरीवरचे कपडे काढताना दिसत, म्हातारे वाती वळताना दिसत. आता काय दिसते? काचेत आपलंच थोबाड."

"ती जुनी डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. आता विजेवरची आहे, एसी."

"तिच्या खिडकीतून हात बाहेर काढता येते?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला भाचीनं उत्तर दिलं नाही. मामांचं खरं दुखणं तिला ठाऊक होतं, आणि ते पुढच्या गोष्टीत आलं.

"काळबादेवीचं काम सकाळीच उरकायचं," मामा म्हणाले. "शेठनं नमुना पाहिला की म्हणे, संध्याकाळी या, भाव कळवतो. तिथपर्यंत करायचं काय? खोली घ्यायला पैसे नाही, ओळखीपाळखीचं कोणी नाही. धोबी तलावावर इराण्याकडे जायचो. संगमरवरी टेबल, काळ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. एक पानी कम चाय आणि ब्रुन मस्का. दोन तास बसा, तीन तास बसा. गल्ल्यावरचा इराणी पेपरातून डोकं वर काढत नसे. त्याच पेपराचं मधलं पान मागितलं तर देत असे. यवतमाळचं पोट्टं, धोतर नेसलेलं, मुंबईच्या मधोमध बसून आहे आणि कोणी उठ म्हणत नाही! मला तर वाटे, हे शहर माझ्यासाठीच बांधलं."

"आणि आता?"

"आता ती हॉटेलं बोटांवर मोजण्याइतकी. एकात गेलो. बाहेर रांग. आत बसलो तं मागं पुढचं गिऱ्हाईक उभं, माझ्या तोंडाकडे पाहत, केव्हा गिळून होते म्हणून. दुसरीकडं तुझ्या त्या कॉफीच्या दुकानात नेलं. तिथं बसू देतात, मान्य. पण अडीचशे रुपयांत! तो चहा नव्हे बाई, तासाचं भाडं आहे. समुद्रावर कट्टा आहे तेवढा फुकट. बाकी सगळ्या शहरात पाहून घे, जिथं टेकता येईल असा कट्टा, तिथं लोखंडाचे टोकदार खिळे नाहीतर कुंड्या."

हे निरीक्षण खरं आहे आणि मुंबईपुरतं नाही. माणूस टेकू नये म्हणून पायऱ्यांच्या कडेला दाते लावण्याची कला आता नागपुरातही पोचली आहे. मी ते बोलून दाखवणार होतो. पण भाची खुर्ची पुढे ओढून बसली.

"मामा, त्या इराण्याकडे तुमच्या आजूबाजूला बाया किती असायच्या?"

मामा थांबले. "फॅमिली रूम होती नं."

"माळ्यावर नाहीतर पडद्याआड. नवऱ्याबरोबर. तीन तास एकटी बसून पेपर वाचणारी बाई पाहिली कधी?"

"तेव्हा कुठंच नव्हत्या बसत बाया."

"म्हणजे ते शहर तुमच्यासाठीच बांधलेलं होतं, हे अगदी बरोबर. माझ्यासाठी नव्हतं. आता संध्याकाळची ड्युटी संपवून रात्री दहाला मी परळ स्टेशनबाहेर उभी राहून वडापाव खाते. तिखट लागला तर दुसरा खाते. कोणी मान वळवत नाही. पश्चिम रेल्वेनं १९९२ मध्ये अख्खी गाडी बायकांसाठी सोडली, ती शहर बायकांनाही लागतं म्हणून. इथे दत्त चौकात रात्री साडेआठला मी एकटी ठेल्यावर चहा प्यायला थांबले तर?"

"कोणी काही म्हणणार नाही."

"म्हणणार नाहीत. बघतील. आणि सकाळी तुमच्या कानावर येईल."

"येईल," मामा म्हणाले. त्यांचा एक गुण असा, की खरं असेल ते फार वेळ नाकारता येत नाही त्यांना. आयुष्यभर कवडी कापसाला कवडीच म्हणण्याची सवय. बोंडअळीचा डाग दिसला की दिसला.

इथे माझा निकाल देऊन टाकतो. बसण्याच्या जागांबद्दल मामा बरोबर आहेत, पण त्या जागा कोणाच्या होत्या याबद्दल भाची. गेलेल्या शहराची आठवण काढणारे बहुतेक पुरुषच का असतात, याचं उत्तर त्या फॅमिली रूमच्या पडद्यात आहे.

एका सुट्टीच्या दिवशी भाचीनं त्यांना लोअर परळला नेलं. फिनिक्स मिल होती तिथे मॉल आहे, चिमणी ठेवली आहे. मामांनी गिरण्या बाहेरून पाहिलेल्या. नमुने शेठकडे जात, गाठी परस्पर जात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि रीतसर मिटवला न जाता तो संप नुसता विरून गेला. १९९१ च्या विकास नियमांनी आणि त्यांतल्या २००१ च्या बदलांनी गिरण्यांच्या जमिनीवर काय उभं राहिलं ते सगळ्यांना माहीत आहे.

"आत गेल्या गेल्या यांनी काय केलं विचारा," भाची मला म्हणाली.

"काय केलं? शर्ट पाहिला."

"शर्ट नाही पाहिला. शर्टाचा काठ उलटा केला, आतून एक धागा ओढला, पीळ सोडवला, आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून ओढत बसले. सेल्समन धावत आला."

मामांनी आम्हाला ओट्यावरच करून दाखवलं. कोपऱ्यात वेचणीच्या कापसाचं बोचकं होतंच. चिमूटभर कापूस घेतला, सरकी काढून टाकली, दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून ओढला, एक भाग दुसऱ्यावर ठेवला, पुन्हा ओढला. आठ-दहा वेळा असं केल्यावर विस्कटलेला कापूस सरळ, चमकदार, केसांच्या बटेसारखा झाला. ती बट त्यांनी काळ्या पँटच्या मांडीवर ठेवली. "हा पाहा. अठ्ठावीस-एकोणतीस मिलिमीटर. यंत्र नाही लागत. त्या शर्टात ओढला तं काय निघालं? सगळे केस एकसारखे, एका मापाचे, तुटता तुटेना. कापूस असा नसते. कापसात लहान-मोठं राहते. मी त्या पोराला म्हटलं, हे प्लास्टिक आहे. तो म्हणे, सर, ब्लेंड आहे. मी म्हटलं, कोणाचा रे तू? नांदेडचा निघाला. मग त्याला सगळं समजावून सांगितलं. हातातलं काम टाकून ऐकलं त्यानं."

"दुपारची वेळ होती मामा, दुकानात चिटपाखरू नव्हतं."

"असो. पण त्याला 'कोणाचा' विचारलं तं बरं वाटलं. तू पाहिलंस नं त्याचं तोंड?"

भाचीनं पाहिलं होतं. ती नाही म्हणाली नाही.

"हे सगळं आमच्या कापसावर उभं झालं," मामा पुढे म्हणाले, आणि त्यांच्या हाताच्या फेकीत फिनिक्सपासून फोर्टपर्यंत सगळं आलं. अतिशयोक्ती आहे, पण निराधार नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला तो निजामाच्या कर्जापोटी, पण त्याबरोबर काळी जमीनही गेली. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरला मिळेना, तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच ओसरला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला भिडली. पुढे यवतमाळच्या गाठी शकुंतलेनं मूर्तिजापूरला जाऊन मोठ्या गाडीत चढू लागल्या. शकुंतलेचं इंजिनही १९२१ मध्ये मँचेस्टरला घडलेलं; कापूस जिथे जायचा तिथूनच ते आलं आणि १९९४ पर्यंत वाफ ओकत राहिलं.

"तुमच्या कापसावर, आणि कोकणच्या, साताऱ्याच्या माणसांच्या फुप्फुसांवर," भाची म्हणाली. "आमच्या वॉर्डात अजून येतात जुने साचेवाले, धापा टाकत. ते म्हणतात, मुंबई आम्ही उभी केली. कच्छी म्हणतात आम्ही. ज्याला त्याला वाटतं. पण मुंबई कोणाला पावती देत नाही."

"पावती कोण मागते? मी फक्त पाहायला गेलो होतो. कॉटन ग्रीनला गेलो हार्बरच्या गाडीनं. स्टेशनासमोर कॉटन एक्स्चेंजची ती हिरवट इमारत, जशीच्या तशी. फाटकाशी गेलो. वॉचमन म्हणाला, कोणाकडे काम आहे? म्हटलं, काम नाही, पाहायचं आहे. तो म्हणे, काम नाही तं काय पाहता, आज रविवार आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी याच फाटकातून मी सरळ आत जायचो. कोणी नाव विचारत नसे. काहून? बगलेत गुंडाळी होती."

मग मामा जे बोलले ते मला सगळ्या भांडणातलं सर्वांत खरं वाटलं. "तेव्हा यवतमाळचा माणूस मुंबईला माल घेऊन जाई. आता अर्ज घेऊन जाते, दवाखान्याचे रिपोर्ट घेऊन जाते, पोट्टे बायोडाटा घेऊन जातात. माल नेणाऱ्याला गादीवर बसवतात. अर्ज नेणाऱ्याला उभं करतात."

भाची उठून आत गेली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, निकाल लागला. पण ती कपबशा घेऊन आली ती उत्तर घेऊनच.

"मी बायोडाटा घेऊन गेले, मामा. मला रांगेत उभं केलं, खरं आहे. पण रांगेतल्या नंबरानं आत घेतलं. कोणाची भाची आहे असं विचारलं नाही. इथे तुमच्या संकलन केंद्रावर गादीवर कोण बसायचं? रात्रभर थंडीत बैलगाडी घेऊन रांगेत पडलेला माणूस, की ओळखीचा? सांगा ग्रेडर साहेब."

मामांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. "एखाद्या पाटलाची गाडी पुढं घेतली असन कधी," ते म्हणाले. "तू काही इसरत नाही."

"आई सांगायची. बाबांची गाडी दोन रात्री उभी होती आणि तुम्ही सख्खे मेहुणे असून पुढं घेतली नाही, म्हणून ती तुमच्यावर रुसली होती."

"त्याची काहून घेईन? नातेवाईक होता."

हे ऐकून दोघंही हसले; मला मात्र त्या उत्तराचा विचार करावा लागला. मेहुण्याला रांगेत ठेवणारा आणि पाटलाला पुढं घेणारा एकच माणूस. आमच्याकडची ओळखपाळख अशीच चालते. ती ऊबही देते आणि रांगही मोडते, आणि यातलं एक घेऊन दुसरं टाकता येत नाही. मुंबईनं दुसरं टाकण्यासाठी पहिलंही टाकलं असावं.

मंत्रालयाचं थोडक्यात. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, तेव्हा इकडचा माणूस आमदार निवासात सतरंजीवर झोपे आणि सकाळी सचिवालयाच्या जिन्यानं सरळ वर जाई, असं मामा सांगतात. आता आधी पास, मग फोटो, चेहऱ्याची ओळख पटली की दार. "आम्हाला काय दरोडेखोर समजते का?" असं ते म्हणाले तेव्हा भाचीनं शांतपणे विचारलं, "यंदा वावरातला कापूस सरकारच्या सीसीआयला कसा दिला?"

"पोरानं दिला."

"कसा?"

"त्या मोबाइलच्या ॲपवर नाव टाकून."

"कपास किसान ॲप. आधी नोंदणी, मग तारीख, मग गाडी. लांब धाग्याला २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये, पण फोन नसेल तर आधी फोनवाला शोधा. हे काही मुंबईनं नाही केलं. ओलावा हाताला कळणारा ग्रेडर घरात बसला आहे आणि केंद्रावर मीटर लावून बारा टक्क्यांच्या वर गेला की परत. जे तुम्ही मुंबईत पाहून आलात ते आर्णी रोडवर केव्हाच आलं आहे. तुम्ही इथे ओट्यावर बसून असता म्हणून दिसलं नाही."

मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. गल्लीतून भंगारवाला गेला, त्याला त्यांनी उगाच थांबवून लोखंडाचा भाव विचारला.

शेवटचा दिवस धर्मशाळेचा. ही गोष्ट भाचीनंच काढली. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलात कॅन्सरच्या उपचाराला आलेले परगावचे रुग्ण आणि त्यांच्याबरोबरची माणसं तिथे राहतात. ज्यांना कुठेच जागा मिळत नाही ते परळच्या फुटपाथवर पथारी टाकतात. भाची रोज त्यांच्यातून वाट काढत ड्युटीवर जाते.

"आमच्या इकडची बोली कानावर आली की मी थांबते," ती म्हणाली. "मी नुसतं 'काहून बाप्पा, कुठचे?' म्हटलं की बाई रडायलाच लागते. वणीची असते, उमरखेडची असते. मामा, तुम्ही म्हणता मुंबई बसू देत नाही. खरंच नाही देत. पण बसायला जागा करणारा माणूस तुमच्याच मुलखातून आला. शेंडगावचा. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि डोक्यावर मडक्याची खापरी. देवळं बांधण्याऐवजी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. जाऊन गाऱ्हाणं नाही केलं त्यांनी."

"म्हणजे मी गाऱ्हाणं करतो?"

"नाही करत?"

"गाडगेबाबांना कोणी विचारलं नाही, कोणाकडे काम आहे म्हणून. खराटा पाहून समजत असे." मामा जरा खवळले होते. "आणि तू म्हणतेस तसं कोणाला न विचारता शहर चाललं तं ही धर्मशाळा झाली असती काय? धर्मशाळेत पहिला प्रश्न हाच विचारतात. कुठून आले? कोणाला काय झालं? किती दिवस राहता? ते विचारल्याशिवाय खाट देता येत नाही."

"पण जात विचारत नाहीत."

"नाही विचारत."

"तेवढं मला पुरतं."

"मला नाही पुरत," मामा म्हणाले. पण आवाज उतरला होता. आणि मग मलाच: "तुम्ही काय म्हणता?" इतक्या दिवसांत पंचाला पहिल्यांदा विचारलं गेलं. मी म्हटलं, तुम्हाला दोघांनाही एकच हवं आहे, कोणीतरी विचारावं. फक्त मामांना आधी विचारलेलं हवं आणि भाचीला वेळ पडल्यावर. दोघांनाही हा निकाल पसंत पडला नाही. मामा म्हणाले, हा काही निकाल नव्हे, तडजोड आहे, आणि कापसात तडजोड म्हणजे मिलावट.

दुपारच्या एसटीनं भाची धामणगावला निघणार होती. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून तिनं सुटे पैसे वेगळे काढून ठेवले.

"मग मामा, आता मुंबई बंद?"

"काहून बंद? पोळा झाला की येतो. सोमवार पाहून येतो. सोमवारी कॉटन ग्रीनचं फाटक उघडं राहते."

"आणि वॉचमननं पुन्हा विचारलं, कोणाकडे काम आहे?"

"या खेपेला नमुना नेणार आहे." मामांनी बोचक्याकडे बोट दाखवलं. "यातलाच वेचून ठेवतो. जुन्या पद्धतीनं कागदात गुंडाळून, बगलेत."

"बॅग मशीनमध्ये टाका म्हणतील."

"टाकतो नं. एकोणतीसचा धागा आहे, मशीनलाही समजन."